तिसऱ्या दिवशीचा निवाडा

आमच्या घरात माणसांपेक्षा कोंबड्यांचा मान मोठा, हे मला लग्न होऊन आल्यावर चौथ्याच दिवशी कळलं. मी मागचं अंगण झाडत होते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओट्यावरून ओरडले, "अगं हळू! धूळ उडतेय. पांढऱ्या आहेत त्या." नव्या सुनेच्याही डोळ्यांत धूळ जाते, हे तेव्हा तोंडातून निघालं नाही. आता निघतं. आता मला या घरात सतरा वर्षं झाली आणि फटकळ म्हणून सगळी गल्ली मला ओळखते. म्हणून झालं ते मीच सांगितलेलं बरं. दुसरं कोणी सांगेल तर साखर घालून सांगेल.

मामंजी गादीवाले. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, दाभणानं टाके घालायचे, हा घरचा धंदा. थंडी सुरू झाली की आम्हाला नाक शिंकरायला फुरसत नसते. पुढच्या खोलीत कापसाचा ढीग, मागच्या खोलीत शिवलेल्या खोळी, मधल्या खोलीत आम्ही. केसांत कापूस, चहात कापूस. आणि एवढा कापूस कमी पडला म्हणून की काय, मागच्या अंगणात कोंबड्याही कापसाच्याच.

सिल्की म्हणतात त्या जातीला. अंगावर पीस म्हणून नाही, सगळा पिंजलेला कापूस. डोक्यावर गोंडा, तो डोळ्यांवर आलेला, त्यामुळे निम्मं जग त्यांना दिसतच नाही. पायाला चाराऐवजी पाच बोटं, आणि तो पांढरा कापूस बाजूला केला की खाली कातडी काळी कुळकुळीत. उडता येत नाही, पळता धड येत नाही. मांजर आलं तर त्याच्याकडे बघत उभ्या राहतील. मी त्यांना सरकारी पाहुण्या म्हणायचे. पण खोटं कशाला बोलू, एखादी मांडीवर घेऊन बसलं की दिवसभर दाभण ओढून दुखणारी बोटं शांत व्हायची.

मामंजींनी तीस वर्षं ती जात राखली होती. कशी, तर त्यांचा एक नियम होता. पिलं निघाली की तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरून, स्वच्छ फडकं पसरून ते बसायचे. एकेक पिलू उचलायचं, पायाची बोटं मोजायची, पोटाखालची कातडी बघायची, आणि शेवटी रंग. पांढरं असेल तर उजवीकडे. जरा पिवळट, जरा करडं, पाठीवर एखादा डाग, तर डावीकडे. डावीकडची पिलं त्याच दिवशी घराबाहेर जायची. कुणाला द्या, कुठे सोडा, ते त्यांना विचारायचं नाही. आम्ही त्याला तिसऱ्या दिवशीचा निवाडा म्हणायचो. त्यावर अपील नसायचं.

आता माझ्या नणंदेचं सांगते, कारण खरं दुखणं तिथंच आहे.

वन्सं आमच्यापासून दूर नाहीत. आमचं मागचं कुंपण, मग एक कोरडा ओहोळ, मग त्यांचं अंगण. मोजून वीस पावलं. लग्न करून दिलं तेही मामंजींनीच, हौसेनं, लेक डोळ्यांसमोर राहील म्हणून. वन्संच्याही अंगणात कोंबड्या होत्या, साध्या, तांबड्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एका तांबड्या कोंबडीखाली पिलं निघाली. रंग सगळे तांबडे-काळपट, पिसं कडक, साध्या कोंबडीसारखी. पण डोक्यावर गोंडा आणि पायाला पाच बोटं.

मामंजींनी ती पिलं कुंपणावरून बघितली आणि तसेच ओहोळ उतरून तिकडे गेले. भरदुपारी, गल्लीतल्या सात घरांच्या आणि वन्संच्या सासूबाईंच्या देखत म्हणाले, "माझा कोंबडा पदराखाली घालून नेलास तू. चोरलास. तीस वर्षांचं बीज बाटवलंस."

वन्सं म्हणाल्या, "बाबा, तो आपणहून आला असेल. मी कशाला नेऊ?"

"ज्याला धड चालता येत नाही तो आपणहून ओहोळ ओलांडतो होय? चोर ते चोर, वर शिरजोर."

एवढं बोलून ते परत आले. त्या दिवसापासून वीस पावलांचे वीस कोस झाले. वन्सं तिकडे कपडे वाळत घालायच्या, मामंजी इकडे कण्या टाकायचे, आणि दोघंही मधल्या ओहोळात जणू समुद्र असल्यासारखे वागायचे. मी दोन्हीकडे जायचे. मला कोण अडवणार?

यंदा थंडीच्या तोंडाला ढगाळ, दमट हवा पडली ती उठेचना. कापूस ओला, माणसं ओली. आणि गल्लीत मानमोडी शिरली. कोंबडीची मान वळते, पीळ घातल्यासारखी, मग ती मागे मागे चालते, मग पडते. जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर उन्हाळ्यात लस घेऊन घरोघर फिरला होता. वन्संनी टोचून घेतल्या. आमच्या मामंजींनी त्याला फाटकातून आत घेतला नाही. "दहा खुराड्यांत हात घालून आलेला माणूस माझ्या कोंबड्यांना शिवणार? माझ्यांना बाहेरचं वारंसुद्धा लागलेलं नाही," म्हणाले.

लागलं. पहिल्या दिवशी दोन गेल्या, दुसऱ्या दिवशी पाच. मामंजी मिठापाण्याचे थेंब चमच्यानं पाजत बसायचे, आणि पाजता पाजता हातातलीच मान वळायची. नऊ दिवसांत तेवीसच्या तेवीस. शेवटी राहिला तो मोठा कोंबडा, तो त्यांच्या मांडीवर गेला. त्याला पुरून आले, हात धुतले आणि ओट्यावर बसले. मी चहा दिला, तो तसाच निवला. एरवी तोंडानं कितीही बोलत असले, तरी त्या दिवशी तो मीच परत गरम करून आणून ठेवला.

त्यानंतर त्यांनी दाभण हातात धरलं नाही. धंद्याचे दिवस, चौदा गाद्या अडलेल्या, आणि हे भिंतीला टेकून बसलेले. माझे यजमान आणि मी कंबर मोडेपर्यंत टाके घालायचो. यजमान गरीब गाय, बापाला काही बोलायचे नाहीत. मी बोलायचे. "मामंजी, निदान कापूस तरी निवडा." ते मूठभर कापूस घ्यायचे, चिमटीत धरायचे, आणि चिमटीतच विसरायचे. जेवण निम्म्यावर आलं. महिन्याभरात सदऱ्यात दुसरा माणूस मावेल अशी गत झाली.

ड्रेसर खुराडं धुवायचा चुना घेऊन आला. या खेपेला त्याला आत घेतला, आता अडवायला राहिलं काय होतं! चुना कालवताना तो मला म्हणाला, "वहिनी, यांचं बीज काही संपलेलं नाही. तुमच्या नणंदेकडे आहे की."

"त्या गोंड्याच्या? त्या तर साध्या आहेत. कडक पिसाच्या."

"वरून साध्या. मऊ पीस आई आणि बाप दोघांकडून मिळालं तरच वर दिसतं. एकाकडून मिळालं तर आत दडून बसतं. दडलं म्हणजे मेलं नाही. तिथला कोंबडा आणि कोंबड्या सख्खी भावंडं, सगळ्यांच्या आत ते आहे. त्यांची पिलं काढा. चारांत एखादं मऊ निघेल."

"आणि पांढरं?"

"पांढरा रंगही तसाच दडतो. पण दोघांचं दडणं वेगवेगळं. एक वर आलं म्हणजे दुसरं येईलच, असं नाही."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला तेवढ्यात मऊ पिलं दिसायला लागली होती. माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो, मी काही त्याला अपवाद नाही.

दुपारी मी ओहोळ उतरून वन्संकडे गेले. त्या अंगणात कपडे बदडत होत्या. त्यांच्या सासूबाई बाजेवर बसून धान्य निवडत होत्या. त्या निवडतात कमी आणि ऐकतात जास्त. मी सगळं सांगितलं. वन्सं धोपटणं खाली न ठेवता ऐकत राहिल्या.

"दोन वर्षांत मी त्यांचं एक अंडं उबवलेलं नाही वहिनी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पुन्हा पिलं निघायला नकोत आणि पुन्हा कोणी चोर म्हणायला नको."

"ते जेवत नाहीत वन्सं."

त्यांनी धोपटणं ठेवलं. बराच वेळ पिळा पिळत राहिल्या, पाणी संपलं तरी. मग आत जाऊन टोपलीत पंधरा अंडी घालून आणली, आणि एक खुडूक, अंड्यांवर बसायला आलेली कोंबडी काखेत. "तुम्ही मागताय म्हणून देते. त्यांना नाही. आणि त्यांना सांगा, पिलं मऊ निघोत नाहीतर लोखंडाची निघोत, त्या दिवशी ज्या अंगणात जे बोलले, ते त्याच अंगणात येऊन परत घ्यायचं. तोवर मला बाप नाही."

बाजेवरून सासूबाई म्हणाल्या, "बापाला असं बोलू नये." वन्संनी त्यांच्याकडे असं बघितलं की मीच टोपली उचलून निघाले.

अंडी कुठली हे मी मामंजींना लपवलं नाही. निरोपही सांगितला, शब्दाला शब्द. ते भिंतीकडे वळून बसले. कोंबडी मी गाद्यांच्या खोलीत कोपऱ्यात बसवली, कारण खुराड्यात अजून जीव ठेवायचा नाही असं ड्रेसर सांगून गेला होता. चार दिवस त्यांनी त्या कोपऱ्याकडे बघितलं नाही. इतकं कसोशीनं बघितलं नाही, की मला कळलं. सहाव्या दिवशी मी दळण घेऊन आले तर मामंजी खिडकीपाशी उभे, एकेक अंडं उन्हाला धरून बघतायत.

"तेरांत जीव आहे," मला म्हणाले. "दोन काढून टाक."

त्या दिवशी पूर्ण जेवले. दुसऱ्या दिवशी दाभण मागितलं. एकवीस दिवसांत आमच्या अडलेल्या सगळ्या गाद्या गेल्या. गाद्या शिवता शिवता ते कोपऱ्यातल्या कोंबडीशी बोलायचे, "बस गं, बस. ऊठ नकोस. पाणी मी आणतो." लेकीशी दोन वर्षं बोलले नाहीत, पण लेकीच्या कोंबडीला हातानं पाणी. मी हे बोलून दाखवलं. "टाके नीट घाल, वाकडे पडतायत," म्हणाले.

तेरा पिलं निघाली. सगळ्यांच्या अंगावर तो पहिला लोकरीसारखा मऊपणा, जो कुठल्याही पिलाच्या अंगावर असतो. तीन पांढरी, बाकी दहा तपकिरी, काळपट, पट्ट्यांची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी चूळ भरली आणि फडकं पसरलं.

मी म्हटलं, "आज कशाला? थोडी मोठी होऊ द्या. ड्रेसर म्हणाला होता की..." आणि तो काय म्हणाला होता ते मला नीट आठवेना. दडणं वेगवेगळं, असं काहीतरी. "थांबा तर खरं."

"तीस वर्षं तिसऱ्या दिवशी बघतोय मी. ड्रेसर काल जन्मला."

बोटं मोजली, कातडी बघितली, रंग बघितला. तीन उजवीकडे, दहा डावीकडे. मग त्या तीन पांढऱ्यांना ओंजळीत घेऊन हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघत होते, म्हणून गप्प बसले. आज वाटतं, तिथंच हात धरायला हवा होता.

"आणि ही दहा?"

"ने कुठेही."

कुठेही म्हणजे कुठे? मी टोपलीत घातली आणि संध्याकाळी वन्संकडे गेले. त्यांची दुसरी एक कोंबडी खुडूक होती, तिच्या पोटाखाली सरकवली. वन्सं टोपलीकडे बघत म्हणाल्या, "टाकली ना?" मी मान हलवली. "त्यांना टाकता चांगलं येतं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दहाव्या-बाराव्या दिवशी पिलांच्या पंखांना पिसं फुटतात. मामंजी रोज तपासायचे. एके दिवशी मी खोळीला शिवण घालत होते तेव्हा ते तिन्ही पिलं घेऊन माझ्यासमोर बसले. एकाचा पंख पसरून माझ्यापुढे धरला. मऊबिऊ काही नाही. सरळ, गुळगुळीत, कडक पीस, दांडीसकट. दुसऱ्याचं तसंच. तिसऱ्याचंही तसंच.

"पांढरी आहेत," ते म्हणाले. "पण साधी आहेत."

मला ड्रेसरचं ते शेवटचं वाक्य तेव्हा लख्ख आठवलं, वेळ निघून गेल्यावर आठवतं तसं. मी ते सांगितलं. रंगाचं दडणं वेगळं, मऊपणाचं वेगळं. मामंजी पिलू हातात धरून ऐकत होते. त्यांच्याकडे आजवर सगळीच पिलं मऊ निघायची, म्हणून मऊपणा कधी तपासावा लागलाच नव्हता. तपासायचा तो फक्त रंग. जन्मभर डोळे मिटून, चिमटीनं कापसाची प्रत सांगणारा माणूस, आणि पिलं मात्र डोळ्यांनी निवडत आला. मी हे त्यांना बोलले नाही. माझ्याही तोंडाला कधीतरी कुलूप असतं.

"ती दहा कुठे सोडलीस?" त्यांनी विचारलं.

"वन्संकडे."

ते उठले, आणि परत बसले. त्या दिवशी उठले-बसले असं चार वेळा झालं.

मीच जाऊन बघून आले. वन्संनी डालगं उचललं. दहा पिलं होती, तीन वेगळी दिसत होती. पंखांना दांडी अशी नव्हतीच, नुसतं पिंजलेलं. एक तपकिरी, एक काळं, एक गुळासारख्या रंगाचं. हात लावला तर तोच स्पर्श. माझे डोळे भरून आले, हे मी वन्संना दिसू दिलं नाही, आणि त्यांचे भरले होते ते त्यांनी मला.

परत येऊन मी फक्त एवढंच म्हटलं, "तीन आहेत. रंग बघू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी दाढी केली. धुतलेला सदरा घातला. सदरा अंगावर लोंबत होता. मागच्या दारानं निघाले, कुंपणाचं फाटक उघडलं आणि ओहोळात उतरले. म्हातारे पाय, उतार निसरडा. मी मागे होते पण हात दिला नाही. काही ठिकाणी माणसानं आपल्या पायानं जावं.

वन्सं अंगण सारवत होत्या. बापाला बघून त्यांचा हात थांबला, पण त्या उठल्या नाहीत. सासूबाई बाजेवर सरळ झाल्या.

"बघू का?" मामंजींनी विचारलं.

"बघा," वन्सं म्हणाल्या, मातीकडे बघत.

मामंजी डालग्यापाशी उकिडवे बसले. गुळाच्या रंगाचं पिलू उचललं, आणि डोळे मिटले. अंगठा आणि दोन बोटं. कापसाची प्रत बघताना करतात तसंच. दोन्ही पंख चाचपले. मग म्हणाले, "हे मी टाकलं होतं."

"हो. तिसऱ्या दिवशी."

"यातलं एखादं..."

"नाही," वन्सं म्हणाल्या. आता त्या उठून उभ्या राहिल्या. कोपरापर्यंत हात मातीनं भरलेले. "टाकलेलं परत मागायचं तर आधी बोललेलं परत घ्यायचं. वहिनींनी सांगितलं असेल."

मामंजींनी पिलू खाली ठेवलं. त्यांना उठता येईना, गुडघे धरले होते. तसेच बसून म्हणाले, "कोंबडा तू नेला नव्हतास."

"हे मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं."

"मला तेव्हाही माहीत होतं."

मला वाटलं मी चुकून ऐकलं. वन्संनाही तसंच वाटलं असावं. "काय?"

"तो कुंपणाखालून उकरून यायचा. तुझी पिलं निघायच्या आधी तीन वेळा मी त्याला इथून, तुझ्याच अंगणातून उचलून नेला होता. पहाटे, तुम्ही कोणी उठायच्या आत. पिलं बघितली आणि कळलं, आता लोक म्हणणार, गादीवाल्याला आपला कोंबडा सांभाळता येत नाही. तीस वर्षांचं नाव जाणार." त्यांचा आवाज बारीक झाला. "माझं जाण्यापेक्षा तुझं गेलेलं परवडलं मला."

मला इतका संताप आला, की खरं सांगते, तो माणूस सासरा नसता तर मी काय बोलले असते कोण जाणे. दोन वर्षं मी यांना हट्टी समजत होते. हट्टी माणूस निदान आपलं खरं आहे असं मानत असतो.

बोलल्या त्या वन्संच्या सासूबाई. "म्हणजे माझी सून चोर नाही?"

"नाही विहीणबाई."

"अहो, मग मला तसं सांगायचं तरी! सख्खा बाप म्हणतोय म्हटल्यावर मी काय समजू?" म्हातारीचे हात सुपात तसेच राहिले होते. "दोन वर्षं मी पिठाच्या डब्यात वर बोटानं रेघ ओढून ठेवतेय. कोणी पीठ काढून माहेरी देतंय का बघायला."

"मला माहीत आहे," वन्सं म्हणाल्या. "सैपाकाला पीठ काढलं की मी ती रेघ परत काढून ठेवायचे. तुमच्यासारखीच. जरा डावीकडे वाकडी."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मामंजींनी मान खाली घातली ती वर केली नाही. ते रडत होते. मला त्यांची दया आली नाही, आणि आली. दोन्ही एकदमच झालं.

"झालं," मी म्हटलं. "घेतलं ना परत. वन्सं, आता तुम्हीही..."

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका." वन्संनी हात घंगाळात धुतले, पदराला पुसले. "इथं आपण चौघं आहोत. त्या दिवशी सात घरं बाहेर आली होती. त्यांना कोण सांगणार?"

मामंजींनी माझ्याकडे हात केला. आता मी दिला. उठून उभे राहिले, सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि अंगणाच्या पुढच्या दारानं गल्लीत निघाले. मी त्यांच्यामागे.

पहिलं घर शिंप्याचं. तो मशीनवर पाय मारत होता. मामंजी दारात उभे राहिले. "दोन वर्षांपूर्वी मी माझ्या लेकीला चोर म्हणालो होतो, तू इथं उभा होतास. तिनं कोंबडा नेला नव्हता. मला माहीत होतं."

शिंप्यानं मशीन थांबवली. "कसला कोंबडा? गादीवाले, मला नाही बुवा आठवत. या, बसा, चहा घ्या."

"मला आठवतं," मामंजी म्हणाले. "तू नुसतं ऐक." आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, पहाटे तीन वेळा उचलून नेल्यासकट. शिंपी माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे बघितलं.

दुसऱ्या घरी सून नवीन होती, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिलाही सांगितलं. तिसऱ्या घरची बाई मात्र विसरली नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आम्ही तेव्हापासून तिला घरात घेताना जरा बघूनच घेत होतो हो." मामंजींनी दाराच्या चौकटीला हात धरला. "तुमची चूक नाही," म्हणाले. तीन घरांत तो माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला. मी म्हटलं, "आता पुरे, उरलेल्यांना मी सांगते." त्यांनी ऐकलं नाही.

चौथ्या घराला कुलूप होतं.

"चला मामंजी. उद्या येऊ."

"येतील इतक्यात," म्हणाले आणि पायरीवर बसले. गुडघ्यांवर हात, नजर रस्त्याकडे. ऊन चढत होतं. घरी दोन गाद्या अर्ध्या शिवून पडल्या होत्या. मी काय करणार, उभी राहिले.

जरा वेळानं मागून चपलांचा आवाज आला. वन्सं होत्या. केव्हापासून मागे येत होत्या देव जाणे. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, बापाशीही नाही. कुलपाकडे बघितलं आणि त्याच पायरीवर, मध्ये एका माणसाची जागा सोडून, बसल्या.